उज्ज्वलाचा पिनपॉइंटर

उज्ज्वला गेली, हे तिच्या नवऱ्यानं, मिलिंदनं, मला शब्दांत सांगितलंच नाही. मी ऑफिसात होते, दुपारची मीटिंग चालू होती. फोन आला म्हणून बाहेर कॉरिडॉरमध्ये आले, तर तो म्हणाला, "मेधा, येऊ शकशील का?" आणि पुढे काही बोलेना. "निघालेच," मी म्हटलं. गाडी चालवताना मी स्वतःची समजूत घालत होते... नर्स आली नसेल, फार्मसीतून औषध आणायचं असेल, त्यांच्या ईशाला शाळेतून घ्यायचं असेल. मार्च संपत आला होता. वेस्ट विंडसरच्या रस्त्यांच्या कडेला बर्फाचे मळकट ढिगारे अजून वितळायचे होते. त्यांच्या घराशी पोचले, तर पुढचं दार सताड उघडं. हीटिंग चालू असताना दार जरासं किलकिलं राहिलेलंही मिलिंदला चालायचं नाही. ते उघडं दार पाहिलं आणि मला कळलं.

त्याला आता काही आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना उज्ज्वला माहीत असेल. नागपूरच्या एका शाळेत गणित शिकवणारी, मग नवऱ्याच्या नोकरीपायी लहान मुलीला घेऊन न्यू जर्सीत आलेली एक बाई. तिच्या नावावर पुस्तक नाही, पुरस्कार नाही. पण आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आज एखादी अंगठी, एखादं कानातलं, एखादी किल्ली आहे ती केवळ उज्ज्वलानं जमिनीतून हुडकून दिली म्हणून. ती हरवलेल्या वस्तू शोधायची. मेटल डिटेक्टर घेऊन, गुडघे मातीत टेकून, तासन्‌तास. हा तिचा छंद होता, आणि तो तिला कसा लागला, पुढे तिच्या हातांचं काय झालं आणि तरी तिनं तो कसा सोडला नाही, हे मला सांगायचं आहे.

दोन हजार एक साली मी पुण्याहून इथे नोकरीसाठी आले. ज्या टाउनहाउसमध्ये जागा घेतली त्याच ओळीत दोन घरं सोडून ही मंडळी राहत होती. पहिल्याच आठवड्यात दार वाजलं. बाहेर एक उंच, सावळी बाई हातात झाकलेली ताटली घेऊन उभी. "सांबारवडी आणली तुझ्यासाठी," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, सांबाराची वडी कशी असेल? उघडून पाहते तर आत कोथिंबिरीचं सारण भरलेल्या खमंग वळकट्या. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून ती इतकी हसली की ताटली कलंडायला आली. आमची मैत्री व्हायला आणखी काही लागलंच नाही.

हसरी असली तरी त्या काळात ती आतून कोंडलेली होती. डिपेंडंट व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. मिलिंद सकाळी प्रिन्स्टन जंक्शनवरून ट्रेन पकडायचा, ईशा स्कूलबसमध्ये बसायची आणि मग उज्ज्वलाचा दिवस नुसता पसरलेला असायचा. "शाळेत साठ पोरं सांभाळत होती मी," ती एकदा म्हणाली. "इथं घरात बसून बसून गंज चढून राहिला मला." हे तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. साबणाचे हात पुसत, खिडकीबाहेर बघत म्हटलं होतं.

त्याच पानगळीत तिची घराची किल्ली हरवली. अंगणातली पानं गोळा करताना खिशातून पडली असावी. पानांचा एवढा मोठा ढीग, खाली ओलं गवत... आम्ही दोघींनी हातांनी उलथापालथ केली, काही उपयोग झाला नाही. समोर फ्रँक नावाचे एक वयस्कर गृहस्थ राहत होते. ते आमची तारांबळ बघत होते. थोड्या वेळानं ते एक लांब दांडा घेऊन आले. त्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चपटी चकती, कानाला हेडफोन. पानांवरून त्यांनी ती चकती सावकाश फिरवली, एका जागी थांबले, वाकले आणि किल्ली काढून दिली. मी थँक्यू म्हणून घरात वळले. मागे बघते तर उज्ज्वला तिथंच उभी. "फ्रँक," ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "किल्ली पुन्हा टाका. या वेळी मी शोधते."

त्या दिवसापासून ती फ्रँकची शिष्य झाली. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडल्यावर फ्रँक मुलाकडे फ्लोरिडाला गेले आणि जाताना तो डिटेक्टर तिला देऊन गेले. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ती मोठी चकती तुम्हाला एवढंच सांगते की इथे, या ताटाएवढ्या जागेत, खाली काहीतरी धातू आहे. मग गवताचा तुकडा झाकणासारखा कापून उचलायचा, खाली उकरायचं. खरी पंचाईत पुढेच असते. मातीनं माखलेली, मातीच्याच रंगाची झालेली अंगठी ढेकळात असते, डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी लोक पिनपॉइंटर वापरतात. गाजराएवढी एक दांडी असते, ती खड्ड्यात घालायची. टोक धातूच्या जवळ गेलं की ती वाजते, म्हणजे नेमकं कुठल्या ढेकळात काय आहे ते कळतं. फ्रँक तिला सारखे सांगायचे, एक पिनपॉइंटर घे. ती दोन्ही हात त्यांच्यापुढे धरायची आणि म्हणायची, "माझ्याकडे दहा आहेत."

आणि ते खरं होतं. इतकी जाणती बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. ती मुठीत माती घ्यायची, अंगठ्यानं बोटांवरून सरकवत खाली सोडायची, डाळीतला खडा लागावा तशी तिला वस्तू लागायची. बघायच्या आधीच सांगायची. "बाटलीचं झाकण." "खिळा." "हे डाइमचं नाणं आहे, काठ खरखरीत लागून राहिला." बहुतेक वेळा कचराच निघायचा, कॅनच्या कड्या आणि चांदीचे कागद. तिला त्याचं काही वाटायचं नाही. कचरा पिशवीत, माती परत खड्ड्यात, वर गवताचं झाकण, त्यावर पाय दाबून. आपण येऊन गेलो हे जमिनीला कळता कामा नये, असं ती म्हणायची. पार्कात जाण्याआधी परवानगी काढायची, कुणाच्या शेतात जायचं तर आधी दार वाजवून विचारायची. साडी नाही, पण पंजाबी ड्रेस, त्यावर मिलिंदचं जुनं जॅकेट, कानाला हेडफोन अशी ती मैदानात फिरायला लागली की येणारेजाणारे बघत राहायचे. ईशाला याची अतोनात लाज वाटायची. ती गाडीत खाली सरकून बसायची. "आई, प्लीज, पीपल आर स्टेअरिंग." उज्ज्वला शांतपणे म्हणायची, "बघू दे. त्यांचं काही हरवलं की येतील."

आणि लोक यायला लागले. गणपतीच्या पिकनिकला कुणाची साखरपुड्याची अंगठी गवतात पडली, ती तिनं सगळे जेवायला बसले असताना शोधून आणली. मग बातमी पसरली. एडिसनवरून, प्लेन्सबरोवरून फोन यायचे. "उज्ज्वला मावशी आहेत का? आमचं एक हरवलंय." ती मला ऑफिसातून उचलायची, कारण हायवेवर ड्राइव्ह करायला ती घाबरायची. मग गाडी माझ्या ताब्यात. ती कुणाकडून काही घ्यायची नाही, चहा मात्र हक्कानं मागायची. वस्तू सापडली की ती लगेच देत नसे. आधी बाटलीतल्या पाण्यानं धुवायची, ओढणीला पुसायची आणि दोन्ही हातांनी समोरच्याच्या ओंजळीत ठेवायची. त्या क्षणी ती कुणाची डिपेंडंट नसायची. मला आता वाटतं, तीन-चार वर्षं ती इथे जी खऱ्या अर्थानं सुखात राहिली, ती या कामामुळे.

मग दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग आणखी काही, असं करत करत शेवटी आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. मग केमो. केस फारसे गेले नाहीत, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटायचं की हिचं बरं चाललंय. पण त्या औषधानं तिला थंड सोसेना. फ्रिजमधून दूध काढायचं तर ओव्हनचे जाड हातमोजे घालून काढायची. थंड ग्लासाला हात लागला तर सुया टोचल्यासारखा हात मागे घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, केमो संपला की हे कमी होईल. थंडीचं खरंच कमी झालं. पण बोटांची टोकं बधिर झाली ती झालीच. "कोणीतरी बोटांवर पातळ कागद चिकटवून राहिलं," ती म्हणायची. कुडत्याची बटणं लागेनात, सुईत दोरा जाईना. चपाती तव्यावरून बोटांनी उलटायची तिची सवय, एकदा चांगलंच भाजलं तरी तिला कळलं नाही, वास आला तेव्हा कळलं. परत येईल का संवेदना, असं विचारलं तर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले नाहीत एवढंच. येईलही, नाहीही, असं म्हणाले.

केमो संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात प्लेन्सबरोतून एक फोन आला. डोहाळजेवणाच्या गर्दीत एका बाईंची मोत्याची कुडी मागच्या अंगणात पडली होती. आजीच्या कुड्यांची जोडी, त्यातली एक. उज्ज्वलाला बरंच वाटत होतं, ती उत्साहानं निघाली. डिटेक्टरनं अर्ध्या तासात जागा दाखवली. तिनं गवत उचललं, उकरलं आणि नेहमीसारखी मुठीत माती घेतली. एक मूठ, दुसरी मूठ... मी शेजारीच उकिडवी बसले होते. तिनं तिसरी मूठ अंगठ्यानं सरकवली, थांबली, पुन्हा सरकवली आणि हात उघडून माती बाजूला टाकायला निघाली. तिच्या तळहातावर, मधल्या दोन बोटांना टेकून, कुडी होती. सोन्याची तार चमकत होती.

"उज्ज्वला," मी म्हटलं, "हातात आहे तुझ्या."

तिनं हाताकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिली. "माझ्या हातात होती ही?" ती म्हणाली. मग नेहमीसारखी कुडी धुतली, पुसली, त्या बाईंना दिली, चहा घेतला, गर्भारणीला आशीर्वाद दिला. गाडीत बसल्यावर पट्टा लावायला गेली, तो लागेना. मी वाकून लावून दिला. मग ती रडली. आजार कळला त्या दिवशी ती रडली नव्हती, ऑपरेशनला जाताना नाही, त्या दिवशी मात्र रडली. "हे तरी ठेवायचं होतं मला," एवढंच म्हणाली.

पिनपॉइंटर घ्यायचं मीच सुचवलं. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियात, एका माणसानं आपल्या गॅरेजमध्ये या सामानाचं छोटंसं दुकान थाटलेलं होतं. आम्ही एका शनिवारी सकाळी गेलो. दुकानदार धिप्पाड, पण बोलायला मवाळ. त्यानं टेबलावर कापड पसरलं, त्याखाली एक नाणं सरकवलं आणि तीन-चार दांड्या मांडल्या. काही नुसत्या वाजणाऱ्या, काही थरथरणाऱ्या. त्याचं म्हणणं पडलं की थरथरणारा घ्या. वारा असो, रहदारी असो, डोक्यावर हेडफोन असो, हाताला बरोबर कळतं. सगळे अनुभवी लोक हल्ली हाच घेतात. उज्ज्वलानं दुकानदाराचे हेडफोन कानाला लावले, तो उचलला, कापडावरून हळूहळू फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, परत आणला. "चालू नाही वाटते," ती मला म्हणाली.

तो चालू होता. मी दोन हात लांब उभी होते आणि मला त्याची गुरगुर ऐकू येत होती. दुकानदारानं तो तिच्या हातातून घेतला, नाण्याशी नेऊन पाहिला, मान हलवली आणि गोंधळून परत तिच्या हातात दिला. उज्ज्वलानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं. तिनं नाणं कापडाखालून काढलं, पिनपॉइंटरच्या टोकाला लावलं आणि ती दांडी स्वतःच्या गालाला टेकवली. डोळे मिटले. "हो, होऊन राहिलं," म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, "पण गालानं माती कशी उकरू?" आणि हसली. दुकानदाराला मराठी कळलं नाही, तोही बिचारा हसला. मी मात्र दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले.

तिनं वाजणारा घेतला. तो घेताना तिनं गणिताच्या बाईंसारखी त्याची परीक्षा घेतली. नाणं किती लांबून कळतं, आडवं किती, उभं किती, टोकानं जास्त कळतं की बाजूनं. नुसत्या टोकानं नाही, बाजूनंही कळणारा तिला हवा होता, म्हणजे खड्ड्याच्या भिंती एका फेरीत तपासता येतात. मुठीच्या खाली एक छोटं चाक होतं. ते फिरवत आवाज बंद होईल न होईल अशा काठावर आणून ठेवायचा, म्हणजे तो सगळ्यात तल्लख राहतो. ते चाक तिच्या बोटांना नीट पकडता येतं का, हेही तिनं पाहिलं. पाहता पाहता तो तिच्या डाव्या हाताजवळ गेला आणि जोरात वाजला. साखरपुड्याची अंगठी. "मिलिंद सापडला," ती म्हणाली.

पहिले काही आठवडे ती त्या दांडीवर वैतागायची. मोठा डिटेक्टर शेजारी चालू राहिला की दोन्ही एकमेकांवर बोंबलत. खुरपं लोखंडी, तेही वाजे, मग तिनं प्लॅस्टिकचं घेतलं. पावसानंतरच्या ओल्या मातीत तो उगाच कुरकुरे, मग चाक पुन्हा फिरवायचं. बांगड्या काढून ठेवायच्या, दांडी डाव्या हातात धरायची, म्हणजे अंगठी तिच्या टोकापासून लांब राहते. पण हळूहळू तिचा हात बसला. "मोठ्याला लांबचं कळते, पण नेमकं नाही कळत," ती म्हणाली. "याला नेमकं कळते, पण दोन बोटांच्या पलीकडचं काही नाही. याला अगदी जवळ न्यावं लागते." आता ती माती मुठीत घ्यायची, मूठ दांडीसमोर धरायची. वाजलं तर अर्धी माती टाकायची, पुन्हा धरायची. अशी अर्धी-अर्धी करत शेवटी चिमूटभर माती आणि वस्तू उरायची. वेळ जास्त लागायचा. पण पुन्हा फोन यायला लागले, पुन्हा चहा सुरू झाले. ते एक वर्ष चांगलं गेलं. स्कॅन स्वच्छ येत होते.

दोन हजार सातच्या पानगळीत आजार परत आला. या वेळी लिव्हरमध्ये. डॉक्टरांनी उपचार सांगितले, त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा जोर नव्हता. घरी आल्यावर उज्ज्वलानं ट्युलिपचे कंद आणायला लावले. थंडी पडायच्या आत लावले की वसंतात फुलं येतात. मिलिंद म्हणाला, "अगं, कशाला आत्ता? थकशील." ती म्हणाली, "कंद मी लावते. फुलं तुम्ही बघा." मिलिंद खुरपं आणायला गेला.

ती दिवसभर अंगणात बसून होती. संध्याकाळी चहाचा कप हातात घेतला तेव्हा ईशा म्हणाली, "आई, व्हेअर इज युअर रिंग?" बोटं वाळली होती, अंगठी सैल झाली होती आणि बधिर बोटावरून ती सरकताना तिला कळलंच नव्हतं. उज्ज्वला तशीच उठली, पण पायऱ्या उतरताना तिला चक्कर आली. मिलिंदनं तिला आत नेऊन झोपवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी गेले तेव्हा उज्ज्वला शाल पांघरून मागच्या डेकवर खुर्चीत बसलेली होती आणि ईशा, जी गाडीत खाली सरकून बसायची ती ईशा, हेडफोन लावून वाफ्यातून डिटेक्टर फिरवत होती. कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून तिच्या शाळेतल्या मुली सायकलवरून गेल्या. तिनं वर पाहिलं नाही.

"आता तो मोठा लांब ठेव," उज्ज्वला वरून सांगत होती. "बंद कर आधी."

"आय नो, आई."

"चाक फिरव. आवाज जाईपर्यंत... बस. झाडल्यासारखं नको करू. भिंतीला लाव. आता तळाला."

"इट्स बीपिंग."

"मग माती काढ आणि परत लाव. घाई कशाची आहे तुला?"

ईशानं एक कॅनची कडी काढली. मग एक गंजका स्क्रू. एक कंद वर आला, तो तिनं जपून परत ठेवला. दुपार कलली. उज्ज्वला थकून खुर्चीत मागे टेकली होती, पण आत यायला तयार नव्हती. मग ईशाचा हात थांबला. दांडी पुन्हा पुन्हा त्याच जागी वाजत होती. तिनं मातीचा एक गोळा उचलला, वाजवून पाहिला, अर्धा टाकला, पुन्हा पाहिला... आणि उठली. पाण्याच्या नळाशी गेली, हातातलं धुतलं, टीशर्टला पुसलं आणि दोन्ही हातांनी आईच्या ओंजळीत ठेवलं. हे असं द्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गाडीच्या काचेतून ती इतकी वर्षं बघत होती तर.

अंगठी बोटात राहावी म्हणून ईशानं तिच्या आतल्या बाजूला लाल दोरा गुंडाळला आणि घातली. उज्ज्वला माझ्याशी बोलत होती. वळून म्हणाली, "घाल ना." ईशा म्हणाली, "घातली." उज्ज्वलानं हाताकडे पाहिलं, बोट हलवून पाहिलं. "मला कळलंच नाही गं," ती हळूच म्हणाली. ईशानं पिनपॉइंटर उचलला, चालू केला आणि आईच्या बोटाजवळ नेला. तो वाजला. "सी? आहे."

हिवाळ्यात उज्ज्वलाचा पलंग खाली फॅमिली रूममध्ये आणला. शेवटच्या दिवसांत घरी येऊन शुश्रूषा करणारी हॉस्पिसची नर्स यायला लागली. तोवर बधिरपणा मनगटापर्यंत चढला होता. कुणी हात हातात घेतला तर बघितल्याशिवाय तिला कळायचं नाही. ईशा शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि थेट पलंगाशी यायची. उज्ज्वला डोळे न उघडता विचारायची, "आहे का गं?" ईशा दांडी बोटाशी न्यायची. बीप. "आहे." मग उज्ज्वला झोपायची. मी अनेकदा तिथे असायचे. सूप ढवळत, औषधाच्या वेळा बघत मी तो आवाज ऐकायचे. शेवटच्या आठवड्यात ती बोलेनाशी झाली. प्रश्न थांबला. पण ईशा यायची आणि दांडी बोटाशी धरायची. नर्स म्हणाली होती की ऐकू सगळ्यात शेवटपर्यंत येतं. बीप. "आहे, आई."

फ्यूनरल होममध्ये तिथल्या गृहस्थांनी फार हलक्या आवाजात विचारलं, दागिने काढून द्यायचे का. मंगळसूत्र मिलिंदनं मागून घेतलं. अंगठीपाशी त्याचा हात अडला. ईशा पुढे झाली. "बाबा, राहू दे," ती म्हणाली. "आय टोल्ड हर इट्स देअर." ती अंगठी उज्ज्वलाबरोबर गेली.

त्यानंतर घर अगदी गप्प झालं. मी रविवारी डबा घेऊन जायचे, मिलिंद आणि मी चहा प्यायचो, ईशा वर खोलीत असायची. तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. गेल्याच्या गेल्या रविवारी फोन वाजला. मिलिंदचा हात उचलायला जाईना, म्हणून ईशा खाली आली. स्पीकरवरून एका तरुण मुलीचा आवाज. "उज्ज्वला मावशींचं घर ना? मी एडिसनहून बोलतेय. माझ्या बाळाचा चांदीचा वाळा लॉनवर पडलाय हो. माझ्या आईनं पुण्याहून पाठवलेला. मावशी येतील का?" मिलिंदनं डोळे मिटून घेतले. ईशा फोनजवळ वाकली. मग तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "आई... आई येऊ शकत नाही. मी येते. मला ॲड्रेस सांगा."

ईशाला अजून लायसन्स नाही. मी तिला घेऊन गेले. ती मुलगी नुकतीच भारतातून आलेली, बाळ कडेवर, एका पायात वाळा आणि दुसरा पाय मोकळा. मी पायरीवर बसले, बाळाला मांडीवर घेतलं. ईशानं मोठा डिटेक्टर फिरवला, बंद करून लांब ठेवला, गवताचं झाकण कापलं, चाक फिरवलं. मला तिची पाठ दिसत होती, तेवढीच उंच, तशीच एका बाजूला झुकलेली. मी बाळाकडे बघत राहिले. वाळा तासाभरात सापडला. तिनं तो धुतला, पुसला आणि त्या मुलीच्या ओंजळीत ठेवला. दोघी काहीतरी बोलल्या, मला लांबून ऐकू आलं नाही. चहा विचारला तेव्हा ईशानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, घेऊ." मला माहीत आहे, तिला चहा आवडत नाही.

परतताना ती बाहेर बघत होती. पिनपॉइंटर तिच्या मांडीवर होता, नखांत माती. मग माझ्याकडे न बघता ती बोलली.

"मेधा मावशी, तिनं विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं, आईनं."

"बरं केलंस."

"मग ती म्हणाली, आईला माझ्याकडून थँक्यू सांग हं."

मी गाडीचा वेग कमी केला. हायवेवर गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होत्या.

"मी हो म्हटलं," ईशा म्हणाली.